कायदा कसा होतो आणि कोठे पोचतो

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मी आपल्यापुढे बोलावे अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम सरळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चारचौघींत तोंड उघडण्याची मला सवय नाही. त्यातून विषय दिला तो ‘संसदेत कायदे कसे होतात’ हा! मी म्हटले, “बाई, मला पुरणाचे कटाचे प्रमाण विचारा, ते मी सांगेन.” त्यावर त्या म्हणाल्या, “वकिलाकडून ऐकले तर आम्हाला कळायचे नाही. तुम्ही समजून घ्या आणि तुमच्या शब्दांत आम्हाला सांगा.” मोठ्यांचा शब्द मोडवला नाही म्हणून आज उभी आहे. चुकले माकले तर पदरात घ्यावे.

धाकट्या मुलीचे नागरिकशास्त्राचे पुस्तक मी दुपारच्या वेळी उघडून बसू लागले. माझी पुतणी साताऱ्याला वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. ती सुट्टीत आली की अडलेले विचारी. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा हे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, दिल्लीत पाचशे माणसांनी हात वर केले की झाला कायदा. त्यात आपल्याला काय कळायचे, आणि कळून करायचे तरी काय?” हा काकूंचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आजचे माझे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाला मला सापडलेले उत्तर आहे.

पुतणीला मी म्हटले, “बाळ, सगळे कायदे मला नकोत. एकच घे, आणि तो जन्मला कसा, वाढला कसा ते सांग.” तिने विचारले, “कोणता घेऊ?” मी म्हटले, “हुंड्याचा.” का म्हटले ते शेवटी सांगेन.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशाला लागू असा हुंड्याविरुद्ध कायदा नव्हता. बिहारने १९५० साली आणि आंध्र प्रदेशाने १९५८ साली आपापल्या राज्यापुरते कायदे केले. १९५६ साली हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत हक्क मिळाला, तेव्हा सरकारला आशा होती की त्यानेही हुंडा कमी होईल. तेवढ्याने भागत नाही असे दिसले. वेगळा कायदा हवा ही मागणी संसदेत होत होती, तशीच संसदेबाहेरही होत होती. हे मी माझ्या मनचे सांगत नाही. सरकारने विधेयक मांडताना जे कारण लिहून दिले, त्यातच ही गोष्ट नमूद आहे. बाहेरून मागणी होती म्हणजे कोणाची, हे आपण बायकांनी ओळखावे.

आता विधेयक म्हणजे काय? कायदा होण्यापूर्वीचा जो लेखी मसुदा, त्याला विधेयक म्हणतात. सरकारचे खाते तो तयार करते, कायद्याची जाणकार मंडळी त्यातील शब्द तपासतात, मंत्रिमंडळ मान्यता देते आणि मग मंत्री तो सभागृहापुढे ठेवतात. जो मंत्री नाही अशा साध्या सभासदालाही विधेयक आणता येते. पण स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच विधेयके कायदा होऊन बाहेर पडली, आणि शेवटचे १९७० साली. यावरून ती वाट किती अरुंद आहे ते कळते.

हुंडाबंदीचे विधेयक २४ एप्रिल १९५९ रोजी लोकसभेत मांडले गेले. लोकसभा म्हणजे आपण मत देऊन निवडलेल्यांची सभा. आज तेथे ५४३ सभासद निवडून जातात, त्यांपैकी ४८ आपल्या महाराष्ट्राचे. दुसरी राज्यसभा. तिचे बहुतेक सभासद राज्यांतील आमदार निवडतात आणि बाराजणांची नेमणूक राष्ट्रपती करतात. तेथे आपले १९ आहेत.

प्रत्येक सभागृहात विधेयकाची तीन वाचने होतात. हे मला प्रथम कळेना. एकदा वाचले की कळत नाही का, असे वाटले. पण आपण तरी धान्य घरात आले की तसेच डब्यात भरतो का? आधी पाखडतो, मग ताटात घेऊन खडा न् खडा वेचतो आणि शेवटी एकदा हात फिरवून डब्यात घालतो. तसेच हे आहे. पहिल्या वाचनात विधेयक नुसते मांडायची परवानगी घेतात. ते राजपत्रात छापून येते, म्हणजे सर्वांना पाहता येते. दुसरे वाचन खरे कष्टाचे. त्यात आधी विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते. मग वाटल्यास ते निवडक सभासदांच्या समितीकडे पाठवतात. ती जाणकारांना बोलावते आणि पुष्कळदा जाहिरात देऊन लोकांकडून लेखी निवेदने मागवते. समितीचा अहवाल आला की एकेक कलम घेऊन मत घेतात; कोणी म्हणतो हा शब्द काढा, कोणी म्हणतो हा घाला. तिसऱ्या वाचनात सबंध विधेयक मान्य की अमान्य एवढेच ठरते. मग तेच सारे दुसऱ्या सभागृहात पुन्हा.

हुंड्याचे विधेयक दोन्ही सभागृहांच्या मिळून केलेल्या संयुक्त समितीकडे गेले होते. मूळ मसुद्यात अशी सोय होती की लग्नात रीतीप्रमाणे दिलेले कपडे, दागिने वगैरे दोन हजार रुपयांपर्यंत असतील तर तो हुंडा समजू नये. हे वाचून मी पुतणीला म्हटले, “अगं, मग दोन हजार हाच दर झाला असता! प्रत्येक वरपिता म्हणाला असता, कायद्यानेच दोन हजार सांगितले आहेत, तेवढे तरी द्या.” विधेयकाचा कायदा होईपर्यंत ही दोन हजारांची ओळ गळून गेली. वेचणाऱ्यांच्या हाताला तो खडा लागला म्हणायचा.

पण पुढे गाडे अडले. लोकसभेचे आणि राज्यसभेचे जमेना. हुंडा म्हणावे तरी कशाला, हा भांडणाचा मुख्य मुद्दा. हौसेचे देणे कोठे संपते आणि हुंडा कोठे सुरू होतो? भगिनींनो, हे भांडण दिल्लीत झाले म्हणून दूरचे वाटते. एरवी लग्नाच्या प्रत्येक बैठकीत हेच चालते की नाही?

दोन सभागृहांचे जमले नाही तर काय करावे, हे घटनेने सांगून ठेवले आहे. राष्ट्रपतींनी दोघांची एकत्र बैठक बोलवावी, लोकसभेच्या अध्यक्षांनी ती चालवावी आणि हजर राहून मत देणाऱ्यांत बहुमत होईल ते मानावे. अशी संयुक्त बैठक देशात सर्वांत प्रथम झाली ती ह्याच विधेयकासाठी, ६ आणि ९ मे १९६१ रोजी. अनंतशयनम अय्यंगार अध्यक्षस्थानी होते. त्यानंतर विधेयकासाठी अशी बैठक १९७८ साली एकदा आणि २००२ साली एकदा, एवढीच झाली. म्हणजे बँकांच्या नोकरभरतीचा प्रश्न आणि दहशतवादाचा प्रश्न यांच्याबरोबरीने हुंड्याचा प्रश्न बसतो. आपण ज्याला ‘बायकांच्या गोष्टी’ म्हणतो त्याची योग्यता एवढी आहे.

पंडित नेहरू त्या वेळी जे बोलले त्याचा आशय असा, की खोल रुजलेल्या सामाजिक प्रश्नाचा उलगडा नुसत्या कायद्याने होत नाही. तरीही कायदा हवाच, कारण तो लोकांच्या मताला वळण लावतो आणि पुढे रेटतो.

२० मे १९६१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांची संमती मिळाली. राष्ट्रपतींच्या संमतीवाचून विधेयकाचा कायदा होत नाही. त्यांना वाटल्यास ते फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. पण दोन्ही सभागृहांनी ते पुन्हा मंजूर केले तर संमती द्यावीच लागते. पैशाच्या विधेयकाची रीत वेगळी आहे. ते लोकसभेतच मांडावे लागते आणि राज्यसभेला त्यावर चौदा दिवसांत काय ते सांगावे लागते. राज्यांतही साधारण असेच चालते. आपल्याकडे २८८ आमदारांची विधानसभा आणि ७८ जणांची विधान परिषद आहे. मात्र तेथे संयुक्त बैठक नसते, शेवटी विधानसभेचेच चालते.

१ जुलै १९६१ पासून हुंडाबंदी कायदा अमलात आला. मांडल्यापासून दोन वर्षे आणि दोन महिने लागले. काकूंना वाटते तसे एका दिवसात हात वर करून झाले नाही.

आता आपण विचाराल, एवढे पाखडून वेचून केलेला कायदा, मग हुंडा थांबला का नाही? मीही हेच विचारले. पुतणीने मला जुन्या कायद्यातील एक शब्द दाखवला. हुंडा म्हणजे लग्नाचा ‘मोबदला म्हणून’ दिलेली मालमत्ता, असे त्यात होते. आता सांगा, मोबदला म्हणून दिले असे कोण कबूल करील? देणारा म्हणतो हौसेने दिले, घेणारा म्हणतो आम्ही मागितलेच नाही. ताकाला जाऊन भांडे लपवायची आपली जुनी खोड! आणखीही अडचणी होत्या. हुंडा घेणारा तसा देणाराही गुन्हेगार. मग मुलीचा बाप तक्रार करायला जाईल कसा? गुन्हा असा ठरवला होता की पोलिसांना आपण होऊन पकडता येत नव्हते. तक्रार एका वर्षाच्या आत करायची. शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मुलगी नवीन घरात रुळायला धडपडत असते ते हेच वर्ष. त्या वर्षात कोणाची लेक कचेरीची पायरी चढेल?

असा तो कायदा वीस वर्षांहून जास्त काळ कागदावर राहिला. सुना जळत होत्या. मग १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दिल्लीत आणि इतर शहरांत बायका रस्त्यावर आल्या, मोर्चे काढले. संसदेने पुन्हा दोन्ही सभागृहांची समिती नेमली आणि तिने १९८२ साली अहवाल दिला. १९८३ साली नवऱ्याने व सासरच्यांनी केलेला छळ हा वेगळा गुन्हा ठरला. १९८४ साली तो एक शब्द बदलला. ‘मोबदला म्हणून’ ऐवजी ‘लग्नाच्या संबंधात’ असे आले. लग्नाच्या आधी, लग्नात किंवा नंतर. पोलिसांना दखल घेता येऊ लागली. न मागता दिलेल्या भेटीला सूट राहिली. पण त्यांची यादी करायची आणि त्या रीतीला व ऐपतीला धरून असाव्यात, असे बंधन आले. १९८६ साली हुंडा देण्याघेण्याची शिक्षा कमीत कमी पाच वर्षे झाली. लग्नानंतर सात वर्षांच्या आत सून भाजून किंवा संशयास्पद रीतीने गेली आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाला होता असे दिसले, तर तो हुंडाबळीचा वेगळा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यातही हे गुन्हे कायम आहेत. पीडित बाईने जबाब दिला म्हणून तिच्यावरच हुंड्याचा खटला होणार नाही, असाही दिलासा आता कायद्यात आहे.

एक शब्द बदलायला तेवीस वर्षे लागली. तो शब्द मंत्र्यांना रात्री स्वप्नात दिसला नाही. ज्या बायका उन्हात मोर्च्यात चालल्या, ज्या आयांनी आपल्या गेलेल्या लेकीचा फोटो हातात धरून सांगितले, त्यांनी तो बदलून घेतला. तरीही २०२२ या एका वर्षात देशात सहा हजारांहून अधिक हुंडाबळींची नोंद झाली आहे. म्हणजे वेचण्याचे काम अजून संपलेले नाही.

आता मी हाच कायदा का निवडला ते सांगते. घरची गोष्ट सांगताना जीभ अडखळते, पण मंडळ हे माहेरच आहे.

माझे लग्न १९९९ साली झाले. बैठकीत सासरच्या मंडळींनी सांगितले, “आम्हाला हुंडा नको. फक्त लग्न चांगले करून द्या आणि मुलीच्या अंगावर तीन तोळे घाला.” माझे वडील हसून हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात गोठ्यातल्या दोन्ही म्हशी गेल्या आणि सोसायटीचे कर्ज उभे राहिले. ते कर्ज फिटले तेव्हा माझा थोरला शाळेत जाऊ लागला होता. कोणीही हुंडा मागितला नव्हता, कोणीही हुंडा दिला नव्हता. कायद्याप्रमाणे त्यात काय होते हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते. धार काढायच्या वेळेला आई नुसतीच मोकळ्या गोठ्यात जाऊन उभी राहायची, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या थोरल्याचे लग्न ठरत होते. मुलगी गुणी, माणसे साधी. आमच्याकडे बैठक होती. मोठे दीर घरात वडीलधारे, तेच बोलत होते. ते म्हणाले, “आम्ही काही मागत नाही. तुम्ही मुलीला हौसेने काय घालाल ते घाला. पोराला दुकान टाकायचे आहे, त्याला आपला म्हणून थोडा हातभार लावा, म्हणजे झाले.” मी आत चहा गाळत होते.

भगिनींनो, खरे सांगायचे तर ते ऐकून मला वाईट वाटले नाही. बरे वाटले. दुकानाच्या अनामत रकमेची काळजी मला कितीतरी दिवस लागली होती, आणि ती एका वाक्यात मिटत होती. मुलाच्या आईचे मन असे असते. मी आपल्यापेक्षा वेगळी नाही.

मग मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले आणि मुलीच्या वडिलांकडे पाहिले. ते हसून हो म्हणत होते. ते हसणे मी पूर्वी पाहिले होते.

आदल्या आठवड्यातच पुतणीने मला तो शब्द दाखवला होता. ‘लग्नाच्या संबंधात.’ कपबशा हातातच होत्या. मी म्हटले, “भाऊजी, दुकानाचा हातभार यादीत नको. तो लग्नाच्या संबंधातच होतो. आपले दुकान आपण टाकू.” बैठक गप्प झाली. दीर म्हणाले, “वहिनी, पुरुषांच्या बोलण्यात तुम्ही पडू नका.” माझे पाय कापत होते. तेवढ्यात आमच्या ह्यांनी, जे एरवी भावापुढे कधी मान वर करत नाहीत त्यांनी, हळू आवाजात म्हटले, “दादा, ती म्हणते ते बरोबर आहे. ते नका लिहू.”

ते लिहिले गेले नाही. मुलीच्या अंगावर काय घालायचे ते त्यांचे त्यांनी ठरवले, त्याची यादी केली आणि दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या. मांडव निम्मा केला. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. मोठे दीर लग्नाला आले, पण अजून माझ्याशी मोजकेच बोलतात. दुकान अजून निघालेले नाही. मुलगा दुसऱ्याच्या दुकानात कामाला जातो. पण सून दिवाळीला माहेरी गेली होती, आणि तिच्या वडिलांचे शेत आणि गोठा दोन्ही जागेवर आहेत, हे ती आल्यावर मला आपण होऊन सांगत होती. माझ्या आईच्या नशिबी ते नव्हते.

आता काकूंच्या प्रश्नाचे उत्तर. दिल्लीतील तीन वाचने झाली, राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात छापून आले, तरी कायदा अर्ध्या वाटेवरच असतो. त्याला बैठकीच्या खोलीपर्यंत आणायचे काम कोणाही मंत्र्याला जमणार नाही. ते तेथे बसलेल्या माणसालाच करावे लागते, आणि बहुधा ते चहा घेऊन आलेल्या बाईलाच करावे लागते. तसेच उलटही आहे. बैठकीच्या खोलीत काय चालते हे दिल्लीला आपोआप कळत नाही. ते सांगणारे कोणी उठले, तेव्हा कुठे तो शब्द बदलला.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवते. एखाद्या विधेयकावर संसदेची किंवा विधिमंडळाची समिती लोकांची निवेदने मागवते, तेव्हा आपल्या मंडळाचे एक पत्र तिकडे जावे. पत्र चार ओळींचे असले तरी चालेल, पण आपल्या अनुभवाचे असावे. आमदार, खासदार हळदीकुंकवाला आले की त्यांना नुसता सत्काराचा नारळ न देता एक प्रश्नही द्यावा. आणि दुसरी सूचना अशी, की आपल्या सभासदांच्या घरी लग्न निघाले तर भेटींची यादी करण्यासाठी मंडळाच्या दोघीजणींनी तेथे बसावे. बोलायचे काही नाही, नुसते बसावे. आपण बसलेल्या आहोत एवढ्याने पुष्कळ शब्द तोंडातल्या तोंडात राहतील.

मी फार वेळ घेतला. शेजारच्या काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. येत्या मार्गशीर्षात त्यांच्या नातवाची बैठक आहे. काकू, पहिल्यांदा तुमच्याकडे बसायला मी येते.